पाहुणी वाघनखे, घरचा रविवर्मा

जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला एक पाहुणा आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून विमानाने मुंबईला आणि तिथून कडक बंदोबस्तात साताऱ्याला. मुख्यमंत्री आले, भाषणे झाली, काचेच्या पेटीपुढे रांगा लागल्या. वाघनखे! अंगावर काटा यायलाच हवा, आणि तो आलाही. काही महिने मुक्काम झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत पाहुणा नागपूरला गेला. एकूण करार तीन वर्षांचा. त्यानंतर परत लंडन.

ही वाघनखे शिवछत्रपतींचीच का, यावर आपल्याकडे पुरेशी धुळवड झाली. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी आक्षेप घेतला. खुद्द लंडनच्या संग्रहालयाने आपल्या नोंदीत लिहून ठेवले आहे की, अफजलखानाच्या वेळची ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. खर्च किती झाला यावर विधिमंडळात उत्तर द्यावे लागले. ते साधारण १४ लाखांचे निघाले. सरकारी हिशेबात एवढ्यात एका कमानीचा पायासुद्धा भरत नाही, तेव्हा खर्चावरून ओरडण्यात अर्थ नाही.

मला त्या वादात पडायचे नाही. माझी गंमत वेगळीच आहे. लंडनच्या नोंदीप्रमाणे ही वाघनखे जेम्स ग्रँट डफला मिळाली ती तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना. डफसाहेब साताऱ्यात होता १८१८ ते १८२२. म्हणजे साताऱ्यात मिळालेली वस्तू दोनशे वर्षांनी साताऱ्याला उसनी आली, आणि सातारकरांनी ती परतीच्या तिकिटासकट डोळे भरून पाहिली. आपल्याच माजघरातले तांब्याचे घंगाळ शेजाऱ्याकडून लग्नापुरते मागून आणावे, तसा प्रकार.

आता ज्या इमारतीत हा पाहुणचार झाला, तिच्याबद्दल दोन शब्द. साताऱ्याचे श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय १९६६ पासूनचे. त्याला प्रशस्त घर हवे म्हणून एसटी स्टँडजवळ नवी इमारत बांधायला काढली. ती बांधली जात होती, बांधली जात होती, आणि आणखी थोडी बांधली जात होती. निधी यायचा, संपायचा, थांबायचा. सातारकरांनी तिच्याकडे बघायचे सोडून दिले होते. मग आला करोना. खाटा कुठे लावायच्या, हा प्रश्न पडला. २०२० च्या ऑक्टोबरात या इमारतीत जम्बो कोविड हॉस्पिटल सुरू झाले. तलवारी यायच्या आधी रुग्ण आले. काचेच्या पेट्यांच्या आधी ऑक्सिजनच्या नळ्या आल्या. आणि खरे सांगायचे तर तोवरच्या आयुष्यात त्या इमारतीने केलेले ते सर्वांत मोलाचे काम होते; कित्येकांचे प्राण तिथे वाचले.

कुणी नाक मुरडू नये. याला थोर परंपरा आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी १९०५ साली झाली. जॉर्ज विटेट नावाच्या वास्तुरचनाकाराने घुमट चढवला, इमारत १९१४ ला तयार झाली, आणि पहिले महायुद्ध पेटल्यामुळे तिथे जखमी शिपायांचे लष्करी इस्पितळ आले. लोकांसाठी दारे उघडली ती १९२२ साली. महाराष्ट्रातली संग्रहालये आधी माणसे बरी करतात, मग वस्तू मांडतात, असा एक उदात्त सिद्धांत यातून कुणा संशोधकाला मांडता येईल. विद्यावाचस्पतीचा विषय फुकट देतो आहे.

पण साताऱ्याला संग्रहालय मुळी १९६६ साली मिळाले, हा समज चुकीचा. शहराला त्याच्या कितीतरी आधी एक संग्रहालय होते, आणि ते साताऱ्याने हातचे घालवले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस हे नाव आजच्या सातारकराला विचारा. बहुतेक जण पत्ता सांगायला लागतील. १८७० चा जन्म. कागद, पत्रे, चित्रे, नकाशे यांचे विलक्षण वेड. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचे दप्तर पडून होते, ते यांनी मिळवले. 'इतिहाससंग्रह' मासिक चालवले. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. सांगली संस्थानावर १९१७ मध्ये पुस्तक काढले. सरकारदरबारी वजन होते, ते त्यांनी स्वतःसाठी कमी आणि कागदांसाठी जास्त वापरले, हे विशेष. त्यांच्या संग्रहातून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. १९२६ साली पारसनीस गेले. तिकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद पडले होते, ते १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि त्याच साली साताऱ्याचा हा संग्रह गाड्या भरून पुण्याला रवाना झाला. आज तो डेक्कन कॉलेजच्या मराठा इतिहास संग्रहालयात नीट आहे, अभ्यासकांना मिळतो, याबद्दल आनंदच आहे. पुण्याला गेलेली वस्तू सुरक्षित राहते. फक्त परत येत नाही.

लंडनहून आणण्यासाठी करार करावा लागला. पुण्याहून आणण्यासाठी कात्रजचा बोगदा ओलांडावा लागला असता. तेवढे मात्र कुणाला जमले नाही. सामंजस्य करारावर सही करायला लंडन बरे; येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात जाऊन फोटो चांगले येत नाहीत.

मेणवलीचा विषय निघालाच आहे म्हणून. नानांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रे, मागचा कृष्णेचा घाट हे सगळे जागच्या जागी उभे आहे. लोक जातातही. पण घाटावर उभे राहून एकमेकांना विचारतात ते हे, की 'स्वदेस'मधला शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर होता. भित्तिचित्रे त्या वेळी त्यांच्या पाठीमागे असतात.

आता मूळ मुद्दा. साताऱ्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, खटाव तालुक्यात औंध आहे. तिथे यमाईचा डोंगर आहे. डोंगराच्या अंगावर, मंदिराच्या वाटेत एक इमारत आहे. तिच्यात राजा रविवर्मा आहे. धुरंधर आहेत. बाबूराव पेंटर आहेत. माधव सातवळेकर आहेत. पहाडी, मोगल, बंगाल अशा शैलींची चित्रे आहेत. हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे, युरोपातल्या नामवंत कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय आहे. आणि हेन्री मूरचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प आहे. हो, तोच हेन्री मूर. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत गाजलेला शिल्पकार. वाघनखांसाठी आपण ज्या लंडनला गेलो, त्या लंडनमध्ये मूरच्या शिल्पांभोवती पर्यटक घोळके करतात. आपला मूर खटावात आहे, आणि त्याच्याभोवती घोळका असतो तो शाळेच्या सहलीचा, तोही 'चला चला, वर देवीला जायचंय' या घाईतला.

याला करार लागत नाही. उसनवारी नाही. अस्सल की नक्कल यावर चॅनेलवर चर्चा नाही. बहुधा म्हणूनच बातमी नाही.

हे सगळे जमवले कुणी? भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १८६८ चा जन्म, १९०९ ला औंधच्या गादीवर, १९५१ ला मृत्यू. संस्थान केवढे? बहात्तर गावांचे, तेही सलग नाही. साताऱ्यात थोडे, आटपाडीकडे थोडे, कुंडलकडे थोडे. पाऊस कमी, उत्पन्न बेताचे. बडोद्याचे सयाजीराव रविवर्म्याला बोलावतात हे समजू शकते. त्यांच्याकडे बडोदे होते. औंधकडे खटाव-माणचे माळरान होते. या माळरानावर राजा स्वतः ब्रश घेऊन बसायचा. १९१६ मध्ये त्याने स्वतः काढलेल्या चित्रांचे 'चित्र रामायण' छापले. चित्रकार घेऊन अजिंठ्याला गेला, तिथल्या भिंती नकलून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक काढले. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची होती, तर १९१८ साली याने एक लाख रुपये देऊ केले, आणि शिवाय आवृत्तीसाठी चित्रेही काढतो म्हणाला. देणगीदार स्वतःची चित्रे पुढे करू लागला की संपादकांचे काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी. पण पैसे खरे होते, आणि त्यांच्या बळावर काम सुरू झाले.

हा माणूस देव्हाऱ्यात बसवायच्या लायकीचा मुळीच नव्हता, हेही नोंदवून ठेवतो. हट्टी होता. कीर्तने करायचा आणि ऐकवायचा. सूर्यनमस्कारांचे वेड तर असे की, संस्थानातल्या पोरांना शाळेत नमस्कार घातल्याशिवाय सुटका नव्हती. १९३३ मध्ये अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले तेव्हा अख्खा महाराष्ट्र नमस्कारवेडावर पोट धरून हसला. औंधला त्या वेळी किती ठसका लागला असेल! तरी चित्रे जमवणे थांबले नाही.

आणि इमारत कशी बांधली, हे पाहण्यासारखे आहे. १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभे राहिले. बांधणारा स्वतः चित्रकार, त्यामुळे चित्रावर उजेड कुठून पडावा हे त्याला ठाऊक होते. दिवसाच्या नैसर्गिक उजेडात चित्र दिसावे, हवा खेळती राहावी, या बेताने दालने काढली. डोंगरावर बांधल्यामुळे ओल नाही आणि पुराचा प्रश्नच नाही. औंधला पूर यायचा तर आधी पाऊस यायला हवा. आज संग्रहालय बांधताना आधी दर्शनी भाग ठरतो, मग उद्घाटनाची कोनशिला कुठे बसेल ते ठरते, मग लिफ्ट, मग स्वच्छतागृह, आणि सर्वांत शेवटी कुणीतरी विचारते की आत काय ठेवायचे आहे. औंधात क्रम उलटा होता. आधी तीस वर्षे चित्रे, मग त्यांच्यासाठी घर.

१९३८ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात या राजाने जाहीर केले की राज्यकारभार प्रजेच्या हाती देतो. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली, जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली, आणि औंधात पंचायतींचे राज्य आले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली, व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला तिथूनच बीज मिळाले. म्हणजे बघा, एकाच राजाने त्या दोन वर्षांत सत्ता लोकांना दिली, तुरुंगाच्या भिंती काढल्या आणि चित्रांना भिंती दिल्या. उत्तम राज्यशास्त्र. तिकडे जिल्ह्याच्या गावी मात्र १९३९ मध्येच पारसनीसांचा संग्रह पुण्याच्या गाडीत चढत होता. खटावातले खेडे संग्रहालय उघडत होते, सातारा शहर आपले रिकामे करत होते. आजच्या एकाच जिल्ह्यात, वर्षाच्या अंतराने.

सांगलीकरांनी इथे हसू नये. एक तर तुम्हीही तेव्हा अर्धेअधिक सातारकरच होता. १९४९ मध्ये तुमचा जिल्हा निघाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने, सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. दुसरे म्हणजे औंधच्या राजाने तुमच्यावर केलेले उपकार अजून फिटलेले नाहीत. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत, असे निघाले आणि चित्रकला सुटली. रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १९१० मध्ये बेळगाव सोडायची वेळ आली तेव्हा माळावरची जागा आणि भांडवलाला हातभार कुणी दिला? चित्रे काढणाऱ्या राजाने. चित्रकार होता होता राहिलेल्या माणसाला चित्रकार राजाने कारखाना घालून दिला, आणि महाराष्ट्राला लोखंडी नांगर मिळाले. कलेच्या खर्चाचा परतावा काय, असे विचारणाऱ्या अर्थखात्याच्या माणसाला ही गोष्ट सांगावी. त्याला ती पटणार नाही, पण सांगावी.

आणि तुमचे स्वतःचे काय? चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली उभी केली. किल्ला झाला, राजवाडा झाला, गणपतीचे देखणे मंदिर झाले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' नाटक केले ते याच दरबाराच्या आश्रयाने. पटवर्धनांच्या संग्रहातले सांगलीचे संग्रहालय आज राज्य सरकारकडे आहे. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडची संग्रहालये अख्ख्या महाराष्ट्रात तेरा, त्यातली तीन या दोन जिल्ह्यांत: औंध, सातारा, सांगली. श्रीमंती कमी नाही.

पण सांगलीत संग्रह करणाऱ्याचा खरा शत्रू वाळवी नाही, आणि चोरही नाही. कृष्णा. इर्विन पुलावर पाण्याची पट्टी आहे. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २००५ ला नदी वर आली, २०१९ ला तर सत्तावन्न फुटांच्या पुढे गेली, २०२१ ला पुन्हा आली. २०१९ मध्ये राजवाडा चौकातल्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके लगदा झाली. दुर्मीळ ग्रंथ, जुन्या मासिकांचे अंक, पिढ्यांनी जपलेले. सगळ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली, अनेकांनी नवी पुस्तके पाठवली, ते चांगलेच झाले. पण जुना अंक पुन्हा छापून येत नाही. तेव्हा सांगलीत यापुढे जुने चित्र, जुना कागद वा जुनी मूर्ती ठेवायची तर पहिला प्रश्न 'कुठल्या मजल्यावर?' हा हवा. संस्थानिकांनी राजवाडा गावाच्या मध्यावर बांधला, कारण राजाला प्रजेजवळ राहायचे होते. चित्राला प्रजेजवळ राहण्याची तेवढी निकड नसते. त्याला कोरडे राहायचे असते.

खरे तर या दोन जिल्ह्यांत इमारतींची ददात कधीच नव्हती. त्यांचा वापर काय करायचा, एवढेच कोडे होते. साताऱ्याच्या राजवाड्यात शाळा भरली. १९०० च्या नोव्हेंबरात भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव तिच्या पटावर लागले. एवढी मोठी वस्तू दुसऱ्या कुठल्या संग्रहालयाला मिळाली आहे? त्या पटावरची ती नोंद पाहायला रांग लागायला हवी. शेजारच्या नव्या राजवाड्यात वर्षानुवर्षे न्यायालय भरले. छत्रपतींच्या महालात पुकारा होत राहिला तो बांध कोरल्याच्या दाव्यांचा.

आता कुणी म्हणेल, वाघनखे पाहायला लोक आले, तेही वाईट का? मुळीच नाही. उत्तम झाले. एरवी जी माणसे संग्रहालयाची पायरी चढत नाहीत ती चढली. तिकिटाची सवय लागली. माझे म्हणणे एवढेच की, पाहुणा गेल्यावर घरातली भांडी कुणीतरी मोजावीत. ज्या सरकारी यंत्रणेने लंडनहून पोलादाचा एक लहानसा तुकडा विनाओरखडा आणून दाखवला, तिच्याच ताब्यात औंधची इमारत आहे. म्हणजे काम येत नाही असे नाही. काम येते, बोलावणे लंडनहून यायला हवे. औंधच्या रविवर्म्याने आधी एखाद्या परदेशी संग्रहालयात दोन वर्षे राहून यावे, मग उसना म्हणून परत यावे, मग त्याच्यासाठी रांग लागेल, मुख्यमंत्री येतील आणि 'हा रविवर्मा अस्सल आहे का?' यावर तीन दिवस चर्चा होईल.

तोवर एक स्वस्तातली मागणी. साताऱ्याचे नवे संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे. त्याच्या बाहेर पडायच्या दारावर एक पाटी लावा: रविवर्मा, धुरंधर आणि हेन्री मूर पाहायचे असल्यास औंधला जा. खाली एसटीची वेळ लिहा, संग्रहालय उघडे असण्याचे वार लिहा. सांगलीकरांसाठी तशीच एक सांगलीच्या स्टँडवर लावा. पाटीचा खर्च १४ लाख येणार नाही. आणि वाचकहो, पाटीची वाट पाहू नका. ती सरकारी असल्यामुळे पुढच्या अर्थसंकल्पात येईल. येत्या रविवारी सरळ निघा. यमाईच्या दर्शनाला वर जालच, तेव्हा वाटेतल्या त्या इमारतीत आधी शिरा, आणि पोरांना 'चला चला' म्हणू नका.